रेषेला वजन आलं तेव्हा



या व्याख्यानमालेत आजवर सहकार झाला, संतसाहित्य झालं, पाणीप्रश्न झाला, राज्यघटना झाली. यंदाच्या पत्रिकेत मध्येच ‘कार्टून’ हा शब्द बघून संयोजकांना चार फोन गेले असणार. पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, ते सर जन्मभर चित्रकला शिकवत होते. खडूच्या दोन फटकाऱ्यांत फळ्यावर हत्ती उभा करणाऱ्या माणसाच्या नावाची ही माला. इथे रेषेबद्दल बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं?

टीव्हीवर गाजलेलं एखादं कार्टून घ्यायचं, त्यात खरे नट घालायचे, खरी घरं बांधायची आणि सहकुटुंब बघण्याजोगा विनोदी चित्रपट काढायचा, हा हॉलिवूडचा चालता धंदा आहे. त्यातलं एकच उदाहरण मी आज धरून बसणार आहे, ते ‘द फ्लिंटस्टोन्स’चं. अश्मयुगातल्या एका गावाची मूळ मालिका १९६० ची, चित्रपट १९९४ चा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबल आली, तिच्याबरोबर कार्टून नेटवर्क आलं आणि ही मालिका आपल्याही घरांत शिरली. सभागृहातल्या चाळिशीच्या आसपासच्या मंडळींना मालिकेच्या नायकाची, फ्रेडची, ती ‘याबा डाबा डू’ आरोळी आठवत असेल. ज्यांना आठवत नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारावं, पण करून दाखवायला सांगू नये.

ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांच्या सोयीसाठी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रेषेतल्या माणसाला शरीर दिलं की त्याला वजन येतं. आणि वजन आलं की शरीराबरोबर येणारी बाकीची लचांडंही त्याला द्यावी लागतात. दमणूक, पगार, उधारी, लाज, मत्सर, सगळं. या चित्रपटाने दिसण्यावर पैसा ओतला तिथे तो जड झाला. जिथे नोकरी जाण्याची गोष्ट सांगितली तिथे तो जिवंत झाला. हे म्हणणं मी तीन टप्प्यांत मांडतो. आधी कार्टून कुठून आलं ते बघू, मग त्याला शरीर दिल्यावर काय झालं ते, आणि शेवटी चित्रपटाच्या गोष्टीकडे वळू.

पहिला टप्पा. हे कार्टून आलं कुठून?

ते आलं टंचाईतून. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ही जोडी एमजीएम या बड्या स्टुडिओत ‘टॉम अँड जेरी’ काढत असे. त्या उंदीर-मांजराला सात ऑस्कर मिळाले होते. सात! तरीही १९५७ साली एमजीएमने कार्टून विभागाला टाळं लावलं. हिशेब सरळ होता. जुनीच कार्टूनं पुन्हा थिएटरांत लावून जवळपास तेवढेच पैसे मिळत असतील, तर नवी काढायची कशाला?

दोघांनी स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीचं दार ठोठावलं. टीव्हीकडे वेळ होता, पैसा नव्हता. सिनेमातला टॉम धावला की शेपटीच्या टोकापर्यंत अख्खं मांजर पुन्हा पुन्हा नव्याने काढलेलं असे. टीव्ही देत होता त्या पैशात ते बसणं शक्यच नव्हतं. मग युक्त्या निघाल्या. धड तसंच ठेवायचं, फक्त डोकं हलवायचं. डोकंही जमलं तर स्थिर ठेवायचं, फक्त तोंड हलवायचं. या कंपनीच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? अंगावर दुसरं वस्त्र नाही, पण टाय आहे! तो टाय सांधा झाकायला आहे. धडाचं चित्र वेगळं, डोक्याचं वेगळं, आणि दोन्हींची जोड कॉलरखाली गडप. फ्रेडच्या गळ्यातला निळा टाय याच घराण्यातला.

आणखी एक बघा. फ्रेड दिवाणखान्यात धावू लागला की मागून एक खिडकी जाते, एक टेबल जातं, मग पुन्हा तीच खिडकी, पुन्हा तेच टेबल. घर आहे की बोगदा? पण आपल्यापैकी कुणी तसं विचारलं का? नाही विचारलं. रेषा आपल्याला म्हणते, एवढं मी काढते, बाकीचं तू भर. आणि आपण आनंदाने भरतो. चित्रातल्या दगडी गाडीचं वजन किती, पायांनी ढकलून ती चालेल कशी, घोटे मोडणार नाहीत का, हे प्रश्न बघणाऱ्याच्या मनाला शिवत नाहीत.

चित्र असं बसल्या जागी बसून राहिलं तर गोष्ट ओढून कोण नेणार? आवाज नेणार. चक जोन्स या थोर कार्टूनकाराने टीव्हीवरच्या असल्या कार्टूनांना चित्रं लावलेला रेडिओ म्हणून हिणवलं होतं. टोमणा खरा होता, पण त्यातच यांचं बळ होतं. फ्रेडला ॲलन रीडचा आवाज होता. शेजारी बार्नीला मेल ब्लँकचा. १९६१ च्या जानेवारीत ब्लँकला भीषण मोटार अपघात झाला. काही भाग दुसऱ्या नटाने निभावले. मग ब्लँकने अंगभर प्लॅस्टरमध्ये, अंथरुणावर आडवं पडून, तोंडावर टांगलेल्या माइकमध्ये बार्नीचं हसू भरलं. पडद्यावर बार्नी उड्या मारतोय आणि त्याचा आवाज पाठीवर खिळून पडलाय! शरीराशिवाय पात्र जगतं याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

मालिका सुरू झाली ३० सप्टेंबर १९६० रोजी, अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर, शुक्रवारी रात्री साडेआठला. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रात्री साडेआठ. मुलांची नव्हे, मोठ्यांची वेळ. रात्रीच्या मोक्याच्या वेळेत चाललेली ती पहिली कार्टून मालिका. सुरुवातीचे प्रायोजक कोण होते? विन्स्टन सिगारेटवाले. बायका अंगणात घाम गाळताहेत आणि फ्रेड-बार्नी घरामागे जाऊन झुरके मारताहेत, अशी जाहिरात खुद्द या पात्रांनी केली आहे. १९६३ साली फ्रेडला मुलगी झाली, पेबल्स. मुलगा व्हायचा होता, पण मुलीची बाहुली बरी खपते म्हणून मुलगी झाली, अशी हकीकत बार्बेरा सांगत. म्हणजे मोठ्यांच्या मालिकेची ‘कौटुंबिक’ मालिका होण्यात बाजाराचा हात होता. १ एप्रिल १९६६ पर्यंत १६६ भाग झाले आणि मग पुनर्प्रक्षेपणं जगभर फिरत राहिली.

पण या १६६ भागांत होतं काय? अश्मयुग? छे. अश्मयुग नुसतं नेपथ्याला. ‘द हनीमूनर्स’ नावाची जिवंत नटांची मालिका १९५५-५६ मध्ये गाजली होती. एक बसचालक, एक गटारं साफ करणारा, दोघांच्या बायका, आणि झटपट श्रीमंत होण्याचे रोज फसणारे बेत. त्याच सांगाड्याला कातडी कपडे चढवले की बेडरॉक गाव तयार. फ्रेड दगडाच्या खाणीत डायनोसॉरवर बसून काम करतो. तो डायनोसॉर म्हणजे त्याची क्रेन. भोंगा वाजला की शेपटीवरून घसरत सुटतो. बॉलिंग खेळतो, क्लबात जातो, साहेबाला घाबरतो, बायकोपुढे बढाया मारतो आणि सासूला बघून पळतो. हे अश्मयुग आहे की १९६० चं अमेरिकन उपनगर?

या मालिकेतला सर्वांत धारदार विनोद घरातल्या यंत्रांचा. प्रत्येक यंत्राच्या जागी एक जनावर. रेकॉर्डवर सुईऐवजी पक्ष्याची चोच. नळाऐवजी मॅमथची सोंड. सिंकखाली खरकटं खाणारा एक प्राणी. आणि मधूनच तो प्राणी आपल्याकडे तोंड करून, पोटासाठी करावं लागतं बाबा, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. आपण हसतो. पण हसताना कळतं की या गावात फ्रेड जसा दगड उचलतो तसाच तो पक्षी चोच झिजवतो. माणूस कामगार, जनावर कामगार, आणि वर एक मिस्टर स्लेट मालक. ही मालिका मुळात कामावर जाणाऱ्यांची होती, हे मनात ठेवून पुढे चला.

दुसरा टप्पा. शरीर दिल्यावर काय झालं?

चित्रपट प्रदर्शित झाला मे १९९४ मध्ये. दिग्दर्शक ब्रायन लेव्हंट. पाठीशी स्टीव्हन स्पीलबर्गची कंपनी. पडद्यावर त्याचं नावसुद्धा ‘स्टीव्हन स्पीलरॉक’ असं येतं. जेमतेम वर्षभर आधी याच माणसाने ‘ज्युरासिक पार्क’मधून जगाला डायनोसॉरची धडकी भरवली होती. आता त्याच डायनोसॉरने दारात शेपूट हलवायची होती. त्यासाठी जिम हेन्सनच्या कार्यशाळेने यांत्रिक प्राणी बनवले आणि जॉर्ज लुकासच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने संगणकावर काही प्राणी हलवले. लॉस एंजेलिसजवळच्या वास्केझ रॉक्स या खडकाळ भागात अख्खं बेडरॉक उभारलं. घरं, रस्ते, दुकानं, गाड्या. मॅकडोनाल्डने जाहिरातीत हात मिळवला होता, म्हणून गावात ‘रॉकडोनाल्ड’ही आलं. सिगारेटची जागा बर्गरने घेतली, एवढाच फरक. खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर.

आता एक गंमत बघा. टंचाईतून निघालेल्या गोष्टीला श्रीमंती मिळाली की टंचाईत लागलेल्या युक्त्यांचं काय होतं? त्यांचा दागिना होतो. फ्रेडचा टाय आठवतो ना, सांधा झाकणारा? चित्रपटात जॉन गुडमनच्या गळ्यातही तो आहे. निळा, कडेला फाटका, अगदी बेतून शिवलेला. पण गुडमनचं डोकं आणि धड आईच्या पोटातूनच जोडलेलं आलंय! तिथे झाकायला सांधाच नाही. जे गरजेपोटी आलं होतं ते आता केवळ ओळख पटवण्यासाठी उरलं. आणि या चित्रपटाची निम्मी मेहनत ओळख पटवण्यात गेली आहे. हे बघा, गाडी तशीच आहे. हे बघा, घर तसंच आहे. सुरुवातीची नामावली मालिकेच्या नामावलीवर बेतली आहे. बघणारा खूश होतो, ‘अगदी हुबेहूब’ म्हणतो. पण हुबेहूब म्हणणं हे कौतुक पहिल्या दहा मिनिटांचं. अकराव्या मिनिटाला काय?

अकराव्या मिनिटाला डोळा हिशेब मागू लागतो. चित्रातली दगडी गाडी बघताना मनात न आलेले प्रश्न आता एकेक करून येतात. हा दगड आहे की फायबर? दगड असेल तर अनवाणी पायांनी ढकलला कसा? फायबर असेल तर मग हे कसलं अश्मयुग? रेषा आपल्याला रिकाम्या जागा भरायला देत होती. इथे सगळं भरून आणून समोर ठेवलंय. प्रेक्षकाला कामच उरलं नाही, आणि ज्याला काम नसतं तो चुका काढत बसतो. (आपल्याकडे लग्नघरातही हेच चालतं.)

प्राण्यांचंही तसंच. चित्रात पक्ष्याची चोच रेकॉर्डवर घासली की हसू येतं. खरी पिसं, ओलसर डोळे, हलणाऱ्या पापण्या असलेला प्राणी सिंकखाली खरकटं खाताना दिसला की हसू येतं खरं, पण त्यामागोमाग थोडी कणवही येते. हेन्सनच्या कारागिरांचं काम इतकं चोख आहे की विनोद निसटतो. कारागिरी कमी पडली म्हणून विनोद मेला, हे आपण पुष्कळदा बघतो. कारागिरी जास्त झाली म्हणून विनोद मेला, हे तेवढं बघायला मिळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, पण मला ती मोलाची वाटते. मूळ मालिकेला ध्वनिमुद्रित हशा होता. कुठे हसायचं हे मालिका सांगायची. चित्रपटात तो हशा नाही. विनोद झाल्यावर एक क्षण मोकळा जातो आणि त्या मोकळ्या क्षणात थिएटरातल्या माणसांनी स्वतः हसायचं असतं. दगडाधोंड्यावरच्या कोट्या टीव्हीवर त्या तयार हशावर तरून जात. थिएटरच्या अंधारात त्या कोट्या एकट्या पडतात. व्याख्यात्याला हे लगेच समजतं. (आत्ता आपण हसलात, आभारी आहे.)

मग शरीर देऊन काहीच मिळालं नाही का? मिळालं. भरपूर मिळालं, आणि ते मिळालं नटांकडून. जॉन गुडमन हा त्या काळात अमेरिकेच्या घराघरांत ‘रोझॅन’ या मालिकेतला बाप म्हणून ओळखला जात होता. महिनाअखेरीची ओढाताण करणारा, भिंती बांधण्याची कंत्राटं घेणारा, भारदस्त अंगाचा, वैतागलेला आणि प्रेमळ कष्टकरी बाप. ती मालिकाही एबीसीवरचीच, जिथे फ्लिंटस्टोन्स जन्मले. म्हणजे गुडमन बेडरॉकमध्ये आला तो रिकाम्या हाताने आला नाही. त्याच्या खांद्यांवर सहा वर्षांची मजुरी होती. तो खुर्चीत बसतो तेव्हा दिवसभर उभा राहिलेला माणूस बसतोय हे दिसतं. ही गोष्ट रेषेला जमणारी नव्हती. चित्रातला फ्रेड ओरडतो, पडतो, सुजतो, पण थकत नाही. गुडमनचा फ्रेड थकतो.

आणि आवाजाकडेही या मंडळींनी कान दिला होता. बार्नीच्या बायकोच्या, म्हणजे बेटीच्या भूमिकेत रोझी ओ’डॉनेल दिसायला चित्रातल्या बेटीसारखी नाही, पण बेटीचं ते खुदुखुदु हसणं तिला नेमकं साधलं. डिनो या पाळीव प्राण्यासाठी तर दिवंगत मेल ब्लँकचा जुना ध्वनिमुद्रित आवाजच वापरला. मालिकेतली मूळ विल्मा, म्हणजे फ्रेडच्या बायकोला आवाज देणारी जीन व्हँडर पिल, एका प्रसंगात गर्दीत नाचताना दिसते. हॅना आणि बार्बेरा दोघेही ओझरते दिसतात. सासूच्या भूमिकेत एलिझाबेथ टेलर आहे, आणि थिएटरसाठी केलेल्या चित्रपटांत ही तिची शेवटची भूमिका. फ्रेडला त्याची लायकी दाखवून देताना ती असा काही ठसका लावते की ‘क्लिओपात्रा’च्या सिंहासनाची आठवण व्हावी. जिथे जिथे माणूस आहे, तिथे तिथे हा चित्रपट उभा राहतो.

आता तिसरा टप्पा, आणि माझ्या मते मुख्य. गोष्ट.

या पटकथेला तीसहून अधिक लेखकांचे हात लागले होते. नामावलीत तिघांचीच नावं आली. पंगतीत प्रत्येक वाढप्याने जाता जाता मीठ वाढावं, तशी ती पटकथा ठिकठिकाणी खारट आहे. वर्षातली सर्वांत वाईट पटकथा म्हणून तिला ‘गोल्डन रॅस्पबेरी’ हे उपहासाचं पारितोषिकही मिळालं. मी त्या पटकथेचं वकीलपत्र घेऊन आलेलो नाही. पण त्या मिठाच्या थरांखाली एक गोष्ट आहे, ती मला तुम्हाला सांगायची आहे.

बार्नी आणि बेटीला मूल दत्तक घ्यायचंय. पैसे नाहीत. फ्रेड बायकोला न विचारता घरातली पुंजी काढून मित्राला देतो. घरी बाम-बाम येतो. बार्नीच्या डोक्यावर उपकाराचं ओझं बसतं. इकडे खाणीत व्हँडरकेव्ह नावाचा एक गुळगुळीत अधिकारी कंपनीचे पैसे लाटायचा बेत रचतो. त्याला सह्या करणारा एक बिनडोक माणूस हवाय. साहेबाच्या खुर्चीसाठी कामगारांची परीक्षा घेतली जाते. फ्रेडचा पेपर कोरा पडणार हे बार्नीला दिसतं. तो गुपचूप पेपर बदलतो, स्वतःचा चांगला पेपर फ्रेडच्या नावावर. फ्रेड उपाध्यक्ष होतो. आणि खुर्चीत बसल्यावर पहिला हुकूम काय मिळतो? सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या कामगाराला काढून टाक. तो कामगार कोण? बार्नी.

श्रोतेहो, हे सहकुटुंब बघायच्या विनोदी चित्रपटात चाललंय! ज्याने तुला खुर्ची मिळवून दिली त्याच्याच हातात तू नारळ द्यायचा, आणि ती खुर्ची त्याने मिळवून दिली हे तुला ठाऊकही नाही. हा प्रसंग कातडी कपडे काढून कुठल्याही नाटकात ठेवला तर चालेल की नाही?

पुढे काय होतं ते तर आणखी ओळखीचं. फ्रेडकडे पैसा येतो. घरात नवे कपडे, नव्या वस्तू, नवे मित्र. बार्नी-बेटीला घर सोडावं लागतं, ते फ्रेडच्याच घरात आश्रित म्हणून राहतात. मित्राच्या घरात मित्र म्हणून जाणं वेगळं आणि आश्रित म्हणून राहणं वेगळं. एका रात्री फ्रेड आणि विल्मा उंची हॉटेलात जेवायला जातात. टेबलावरच्या बशा उचलायला येतो कोण? बार्नी. त्याच वेळी हॉटेलातल्या टीव्हीवर खाणीतल्या कामगारांचा दंगा दिसू लागतो. व्हँडरकेव्हने फ्रेडच्या सहीनेच सगळ्यांना कामावरून काढलंय. दोन मित्रांची जुंपते आणि त्या भांडणात पेपर बदलल्याचं गुपित बाहेर पडतं. माझ्या मते या चित्रपटाचा सर्वांत भक्कम प्रसंग हाच. इथे एकाही डायनोसॉरची गरज पडत नाही. एक बसलेला माणूस, एक बशा उचलणारा माणूस, आणि दोघांमध्ये एक टेबल.

त्या काळच्या समीक्षकांनी तक्रार केली की अफरातफर, ऑफिसातलं राजकारण, सेक्रेटरीचं जाळं, हे विषय मुलांना कळणार कसे? तक्रार वरवर बरोबर वाटते. पण मघाशी मी एक वेळ लक्षात ठेवायला सांगितली होती. कोणती? शुक्रवार, रात्री साडेआठ. फ्लिंटस्टोन्स मुळात मुलांचे नव्हतेच! ते खाणीतून दमून आलेल्या माणसाची थट्टा त्याच्याच घरात, त्याच्यासमोर करत होते. मुलं नंतर आली, पुनर्प्रक्षेपणांतून आणि बाहुल्यांतून. तेव्हा नोकरकपातीची गोष्ट घेऊन चित्रपट मूळ मालिकेपासून दूर गेला, हे खरं नाही. तो तिथेच मूळ मालिकेच्या सर्वांत जवळ आला. दूर गेला तो दगडी गाड्यांच्या प्रदर्शनात.

शेवट सांगून टाकतो, तीस वर्षं जुन्या चित्रपटाचा शेवट फोडला म्हणून कुणी रागावणार नाही. फ्रेडच्या ऑफिसात श्रुतलेखन घेणारा एक पक्षी असतो, ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवणारा. व्हँडरकेव्हचं कारस्थान तोच उघड करतो. म्हणजे निर्णायक साक्ष कुणाची? कामगाराची, आणि तोही जनावर-कामगार. त्याला आवाज आहे हार्वी कोर्मनचा, ज्याने मूळ मालिकेतही एका पात्राला आवाज दिला होता. धामधुमीत खाणीत अपघाताने काँक्रीट तयार होतं. मालक हर्षभरित. आता अश्मयुग संपलं! तो फ्रेडला या नव्या धंद्याचा प्रमुख व्हायला सांगतो. फ्रेड नाही म्हणतो. काढलेल्या कामगारांना परत घ्या, त्यांना सवलती द्या, आणि मला माझी जुनी नोकरी द्या, एवढंच मागतो.

हा शेवट भाबडा आहे का? आहे. मालकाच्या मर्जीवर सगळं सोडणारा आहे का? तोही आहे. पण १९९४ सालच्या अमेरिकेत, जिथे कंपन्यांतल्या कपातीच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या, तिथे इतक्या महागड्या खेळण्यातून ही मागणी बाहेर आली, याची नोंद घ्यायला हवी. गुडमनच्या खांद्यांमुळे ती मागणी खरी वाटते. चित्रातल्या फ्रेडला जुनी नोकरी परत मिळाली असती तर आपण म्हटलं असतं, बरं झालं, पुढचा भाग लागेल. गुडमनला ती मिळते तेव्हा वाटतं, या महिन्याचं भागेल.

चित्रपटाने जगभरात सुमारे चौतीस कोटी डॉलर कमावले. टीका झाली, धंदाही झाला. मग २००० साली त्याच दिग्दर्शकाने नवे नट घेऊन याच्या आधीची गोष्ट सांगणारा दुसरा चित्रपट काढला, ‘व्हिवा रॉक वेगास’. तो आपटला. देखावा तोच होता, प्राणी तसेच होते. गुडमन नव्हता, आणि पोटापाण्याचा तो पेचही नव्हता. पहिल्या चित्रपटाला कशाने तारलं, हे दुसऱ्या चित्रपटाने सिद्ध करून दिलं.

रेषेला शरीर द्यायची दुसरी वाट नाही का? आहे. १९९७ चा ‘जॉर्ज ऑफ द जंगल’ बघा. तोही जुन्या टीव्ही कार्टूनवरून. त्याने वजनाचा प्रश्न उलटा सोडवला. ब्रेंडन फ्रेझरचा जॉर्ज वेलीवरून झुलत येतो आणि दरवेळी झाडावर धाडकन आदळतो. निवेदक गोष्ट सांगता सांगता पात्रांशीच भांडतो. आम्हाला ठाऊक आहे हा खोटा खेळ आहे, आणि तुम्हालाही ठाऊक आहे, असं तो चित्रपट उघड म्हणतो. रिकामी जागा त्याने पुन्हा प्रेक्षकाच्या हाती दिली. मला ही वाट प्रामाणिक वाटते.

आपल्या घरचंही एक उदाहरण आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून वर्तमानपत्रातून मराठी घरांत येऊ लागला. तो टीव्हीचा नव्हे, कागदावरचा, पण रेषेचाच. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट केला. चौकटीतल्या चिंटूला खेळायला दोन रेषांची जमीन पुरत होती. खऱ्या मुलाला ती कशी पुरणार? म्हणून चित्रपटाची गोष्ट मैदानाची झाली, मुलांचं खेळायचं मैदान हिरावलं जाण्याची. शरीर आलं की शरीराला जागा लागते, आणि आपल्या शहरांत मुलांच्या शरीराला जागा नाही. चिंटूच्या केसांची बट हुबेहूब जमली की नाही, यावर त्या वेळी चर्चा झाली असेलही. माझ्या लेखी मैदानाचा प्रश्न घेण्यात खरी समज होती.

कुणी म्हणेल, अहो, मुलं बघतात, हसतात, पॉपकॉर्न खाऊन घरी येतात, एवढा कीस कशाला पाडायचा? कीस अशासाठी पाडायचा की हा धंदा थांबलेला नाही, वाढतोच आहे. जुनी कार्टूनं एकेक करून हाडामांसाची केली जाताहेत, आपल्याकडेही हे सुरू झालं आहे, आणि पुढच्या पिढीची आपल्या आवडत्या रेषांशी पहिली भेट आता अशाच चित्रपटांतून होणार आहे. संगणक इतका पुढे गेलाय की हुबेहूबपणा आता कुणालाही विकत घेता येतो. विकत मिळणाऱ्या गोष्टीचं कौतुक करत बसायचं कशाला?

तेव्हा निर्मात्यांना माझं एक सांगणं आहे आणि तुम्हा प्रेक्षकांनाही. निर्मात्यांनो, पात्राला शरीर देणार असाल तर ते शरीर सकाळी उठून कुठे जातं, संध्याकाळी काय घेऊन येतं, कुणासमोर मान खाली घालतं, हे आधी ठरवा. टायचा रंग मग बघू. आणि प्रेक्षकहो, असा चित्रपट बघून बाहेर पडल्यावर मुलाने विचारलं की आवडला का, तर गाडी कशी होती, डायनोसॉर कसा होता, यावर थांबू नका. त्याला विचारा की बार्नीला नोकरीवरून का काढलं? पेपर बदलणं बरोबर की चूक? फ्रेडने साहेबाची खुर्ची का नाकारली? ज्या चित्रपटानंतर मुलाशी असं बोलता येतं, तो कितीही ओबडधोबड असला तरी माझ्या हिशेबात पास आहे. ज्या चित्रपटानंतर नुसतं ‘हुबेहूब होतं’ एवढंच म्हणता येतं, त्यावर कितीही कोटी उधळले असले तरी तो नापास आहे.